अवघड गेम म्हणजे चांगली रचना का?

नांदेडकर: ‘सेकिरो’ या तलवारबाजीच्या व्हिडिओ गेममध्ये (२०१९) सोपी पातळी निवडण्याची सोयच नाही आणि एकाच शत्रूपुढे माझे तीन रविवार गेले. हा रचनेचा गुण मानावा की दोष?

परभणीकर: धोक्याच्या वारापूर्वी पडद्यावर लाल अक्षर उमटते, म्हणजे खेळ आधी इशारा देतो, तरीही आपण हरलो, तर चूक आपली. कॅमेरा, म्हणजे खेळ ज्या कोनातून दिसतो तो, भिंतीशी अडकून मरण आले, तर मात्र तो सरळ दोष.

लातूरकर: दादा, ‘सेलेस्ट’ (२०१८) हा उड्या मारत डोंगर चढण्याचा गेम पाहा. उडी चुकली की त्याच पडद्यावर लगेच पुन्हा सुरुवात होते आणि ज्याला झेपत नाही त्याला खेळाचा वेग कमी करता येतो. तासभर मागे फेकणे ही निव्वळ शिक्षा. ती आम्हाला लोडशेडिंग देतेच.

नांदेडकर: मग माझे दोन रविवार माझे, एक कॅमेऱ्याचा.