भावाला अमेरिकेत जुनी गॅरंड रायफल घ्यायचीय, काय काय बघून घ्यावी?

होटगीरोडकर:
नमस्कार मंडळी. थोरला भाऊ ओहायोत असतो, तिकडचा नागरिक झालाय, आता त्याला दुसऱ्या महायुद्धातली एम-वन गॅरंड, म्हणजे अमेरिकन सैन्याची तेव्हाची रायफल, घ्यायचीय. वडील आमचे हवालदार म्हणून रिटायर झालेत, वर्षानुवर्षं एसएलआर, म्हणजे आपल्या सैन्याची जुनी रायफल, हाताळली त्यांनी, त्यामुळं घरात हा विषय निघाला की जेवण गार होतं. एकजण विकतोय, म्हणतो ही १९४४ ला फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर सैन्यासोबत उतरलेली आहे, म्हणून भाव चढा. स्प्रिंगफील्ड या सरकारी कारखान्याची आहे, नंबर ४३ लाखाच्या पुढं, पॉलिश एकदम नवी कोरी. मी दिवाळीनंतर तिकडं जाणार आहे, तेव्हा हातात घेऊन बघावं म्हणतोय. आणि एखादा पार्ट आठवण म्हणून वडिलांना आणता येईल का?

जुना_ईएमई:
भाऊ, नंबर सांगितलात तिथंच उत्तर मिळालं. स्प्रिंगफील्डनं १९४५ ला काम थांबवलं आणि कोरियाच्या युद्धाच्या वेळी पुन्हा सुरू केलं तेव्हा नंबर ४२ लाखांपासून पुढं धरले. म्हणजे ही रायफल १९५० नंतरची, ती नॉर्मंडीला जाणार कशी! रायफल वाईट आहे असं मी म्हणत नाही, उलट त्या काळातल्या फार छान असतात, पण नॉर्मंडीचे पैसे देऊ नका. भावाला सांगा ऑपरेटिंग रॉड, म्हणजे बोल्ट मागं-पुढं करणारी बाजूची दांडी, मागं ओढून बॅरलच्या उजव्या बाजूला बघ, तिथं महिना आणि साल ठोकलेलं असतं. बॅरल बदललेलं असू शकतं, सैन्याच्या वर्कशॉपमध्ये सगळे पार्ट एका टबात टाकून हाताला येईल तो बसवायचे, ती फसवणूक नव्हे. पण आतून बॅरल किती झिजलंय ते गेज (मापाची सळई) लावल्याशिवाय कळत नाही, चेंबरकडून म्हणजे गोळी बसते तिकडून एक आणि तोंडाकडून एक, आकडा जितका कमी तितकं चांगलं. विकणारा गेज लावू देत नसेल तर सोडून द्या, खरंच सोडून द्या.

लेथवाला_चिंचोली:
मी एमआयडीसीत वेल्डिंग-मशीनिंगचं काम बघतो, म्हणून एक सांगतो. सैन्यानं भंगारात काढताना कित्येक गॅरंडचे रिसीव्हर, म्हणजे बोल्ट आणि बॅरल बसतं तो मुख्य सांगाडा, मधून कापले होते आणि नंतर काही लोकांनी दोन वेगळ्या तुकड्यांना वेल्ड मारून एक करून विकले. अशी रायफल उडवायची म्हणजे तोंडाजवळ स्फोट घेणं. कापताना करवतीची जाडी जाते, मग लांबी जुळवायला भर घालतात, कुंदा काढून खालून आतल्या बाजूला बोट फिरवलं तर घासलेली जागा लागते, रंगही तिथं वेगळा दिसतो. पॉलिश नवी कोरी म्हणालात ना, म्हणूनच मला धाकधूक वाटली. लपवायला पण तेच करतात ओ.

डेट्रॉईटचा_सोलापूरकर:
दादा, एक महत्त्वाचं. तुम्ही व्हिजिटर व्हिसावर येणार ना? इथल्या कायद्यानं अशा पाहुण्यानं बंदूक बाळगणं किंवा रेंजवर उडवणं गुन्हा आहे, शिकारीचं लायसन्स वगैरे सूट असल्याशिवाय. हातात घेऊ नका, भावाला बघू द्या, तुम्ही शेजारी उभं राहून बघा. आणि भावाला सीएमपी, म्हणजे सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम या संस्थेबद्दल विचारा, सैन्याच्या गॅरंड तेच नागरिकांना विकतात, ग्रेड लिहून. जुना दारूगोळा मिळाला तर १९५० पूर्वीच्या बहुतेक गोळ्यांचे प्रायमर (गोळी पेटवणारी मागची टोपी) बॅरल गंजवतात, उडवल्यावर त्याच दिवशी गरम पाण्यानं धुवावं लागतं. दुकानातल्या जड बुलेटच्या नव्या .३०-०६ (गॅरंडला लागणाऱ्या मापाच्या) गोळ्यांनी ऑपरेटिंग रॉड वाकतो, त्या टाळा.

जुना_ईएमई:
आणि पार्ट आणायचं मनातून काढून टाका. आपल्या १९५९ च्या आर्म्स ॲक्टमध्ये शस्त्राचे सुटे भागसुद्धा शस्त्रच धरतात आणि सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे गॅरंडसारखी पुढची गोळी आपोआप भरणारी रायफल इथं सामान्य माणसाला लायसन्सवर मिळत नाही. विमानतळावर बॅगेत रिकामी पुंगळी सापडली तरी दिवसभर बसवतात. त्यापेक्षा वडिलांना व्हिडिओ कॉलवर घ्या, भावानं बोल्ट उघडून आत पांढरा कागद धरायचा नि तोंडाकडून बॅटरी मारायची, ते बघून सांगतील बॅरल कसं आहे.

होटगीरोडकर:
खूप आभार सगळ्यांचे. काल रात्री हेच केलं. कुंदा काढल्यावर आतल्या बाजूला एका पट्टीत रंग खरंच वेगळा दिसला. वडील दहा मिनिटं चष्मा वर-खाली करत बघत होते, मग म्हणाले, बंद कर रे तो फोन, ही घ्यायची नाही. आता सीएमपीकडं अर्ज करतोय भाऊ.