प्रतिसाद: मॅक्रो लेन्स असूनही सड्यावरची फुलं धूसर का?

सड्यावरची, म्हणजे कातळाच्या पठारावरची, फुलं मॅक्रो (अगदी जवळून टिपणाऱ्या) लेन्सने धूसर आली तरी लेन्समध्ये दोष असेलच असं नाही. सीतेची आसवं (इवलं जांभळं फूल) किंवा दवबिंदू (चिकट थेंबांनी किडे पकडणारी वनस्पती) फ्रेमभर घ्यायला गेलं की १:१ च्या आसपास, म्हणजे सेन्सरवर फूल खऱ्या आकाराचं उमटतं तेव्हा, एफ ११ इतकं लहान छिद्र (अ‍ॅपर्चर) ठेवूनही फुल-फ्रेम (३५ मिमी आकाराच्या) सेन्सरवर जेमतेम सव्वा-दीड मिलिमीटर खोली फोकसमध्ये राहते. वाऱ्याने देठ तेवढा पुढेमागे झाला की संपलं. पण म्हणून छिद्र आणखी लहान, एफ २२ करू नका, विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्यामुळे) सगळंच मऊ पडतं. त्यापेक्षा थोडं मागे सरका. १:२ ला (निम्म्या आकाराला) तीच खोली चार मिलिमीटरच्या घरात जाते, आणि फ्रेम नंतर कापता येते.

साताऱ्याजवळच्या कास पठारावर वारा थांबत नाही, त्यामुळे शटर किमान १/२५० सेकंद, शक्यतो १/५००. आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) १६०० झाला तरी चालेल, फोटोत थोडे दाणे दिसले तरी परवडतात. फोकस मॅन्युअल ठेवून कॅमेराच किंचित पुढेमागे डोलवा आणि पाच-सहा फ्रेम सलग घ्या.

पोलरायझर (लेन्सपुढे लावायचा फिल्टर) ओल्या पानांवरची चकाकी घालवतो, पण एक ते दोन स्टॉप प्रकाशही खातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). दवबिंदूला तो लावूच नका, तिथे चिकट थेंबांची चमक हाच फोटो आहे. उजेड फुलामागून येऊ द्या.

एसी गाडीतून उतरल्यावर कॅमेरा अर्धा तास बंद बॅगेतच राहू द्या, नाहीतर काचेवर बाष्प धरतं. आणि गुडघा टेकायचा तो उघड्या कातळावरच. एका फुलासाठी शेजारची वीस चिरडलेली दिसतात दरवर्षी.