मदत हवी आहे: क्लच कव्हर मागच्या बाजूने अडकलंय

बाईकचं १५० सीसी, सिंगल सिलिंडर, एअर कूल्ड इंजिन. क्लच प्लेट बदलायच्या आहेत, पण उजवीकडचं कव्हर निघत नाहीये.

ऑइल काढलंय, किकचा दांडा आणि क्लच केबल सोडवली आहे. एम ६ चे (६ मिमी जाडीचे) सगळे बोल्ट बाहेर आहेत (लांबी वेगवेगळी, म्हणून पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून जागच्या जागी खोचून ठेवलेत). फूटरेस्टच्या आड लपलेला बोल्टही तपासला. पुढून साधारण २ मिमी फट पडली, मागून मात्र ढिम्म.

माझा संशय मागच्या डॉवेल पिनवर (कव्हर नेमक्या जागी बसवणाऱ्या खुंटीवर) आहे. पिन स्टीलची, कव्हर ॲल्युमिनियमचं. ओल शिरली की गंज आणि पांढरी पूड मिळून पिन जाम होते. त्यात पुढूनच ओढलं तर कव्हर तिरकं होऊन पिन आणखी आवळते. म्हणून कव्हर परत सरळ बसवून, गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवलं, मग रबरी हातोडीने कडेकडेने ठोकलं. फरक नाही. फटीत स्क्रू ड्रायव्हर घालायचा नाहीये, गॅस्केटच्या जागी ओरखडा पडला की ऑइल गळणारच.

जाणकारांना विचारायचंय:

हीट गनने पिनभोवती १०० अंशांपर्यंत तापवलं तर जवळच्या किक शाफ्टच्या ऑइल सीलचं (ऑइल अडवणाऱ्या रबरी रिंगचं) काय? ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे उपयोग व्हावा.

क्लचचा रिलीज आर्म (केबलने ओढला जाणारा दांडा) आतून अडकत असेल का? तो कुठल्या दिशेला फिरवून धरायचा?