धागा: व्हॅलिडेटरच्या नोंदी वहीत की फोनमध्ये?

लालबागचा_नोड
माझ्या घरी इथेरियमचा व्हॅलिडेटर आहे, म्हणजे इथर ठेव म्हणून अडकवून त्या क्रिप्टो नेटवर्कचे व्यवहार तपासणारं आणि बक्षीस मिळवणारं मशीन. परवा इथेच एकाने लिहिलं, "घरी व्हॅलिडेटर चालवणाऱ्यांनी वह्या सोडा. सीड (क्रिप्टो वॉलेट उघडणारे २४ शब्द), पासवर्ड, कमांड सगळं पासवर्ड मॅनेजरच्या एका नोटमध्ये टाका, कुठूनही उघडता येतं." खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

कुठूनही उघडता येतं, हाच तर धोका. २०२२ मध्ये लास्टपास या पासवर्ड मॅनेजरच्या ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या. एन्क्रिप्टेड होत्या, मान्य. पण प्रत चोराकडे कायमची राहिली, तो मास्टर पासवर्ड वर्षानुवर्षं फोडत बसू शकतो. तुमचे २४ शब्द मात्र तेच राहतात.

आणि गुपित वेगळं, कामाची नोंद वेगळी. माझी कामाची वही राउटरशेजारी उघडी असते. क्लायंट (व्हॅलिडेटर चालवणारं सॉफ्टवेअर) कुठला, आवृत्ती कुठली, डेटा कुठल्या फोल्डरात, फी रेसिपियंटचा (व्यवहारांची फी जमा होते त्या वॉलेटचा) पत्ता, कधी काय अपडेट केलं. पहिल्या पानावर लाल पेनने मशीन बदलायचा क्रम: जुना क्लायंट बंद. स्लॅशिंग, म्हणजे दोन मशीनवरून एकाच कीने दोनदा सही केल्याचा दंड, टाळणारी प्रोटेक्शनची फाइल काढून घेतली. जुन्यावरून कीस्टोअर (सही करायच्या कीची, म्हणजे साइनिंग कीची फाइल) पुसलं. तीन इपॉक (नेटवर्कच्या वेळेचे टप्पे), म्हणजे वीसेक मिनिटं, अटेस्टेशन (व्हॅलिडेटरने द्यायची मतं) चुकतायत हे एक्सप्लोररवर, म्हणजे नेटवर्कच्या नोंदी दाखवणाऱ्या वेबसाइटवर, डोळ्यांनी पाहिलं. मग फाइल नव्यावर चढवली आणि सुरू केलं. प्रत्येक ओळीपुढे वेळ लिहायची. रात्री दोन वाजता एसएसडी मेला की भलेभले घाईत दोन्ही मशीन एकदम चालू ठेवतात. त्या वेळी वही लागते.

पवईकर_देव
ते लिहिणारा मीच. स्लॅशिंगचा बागुलबुवा किती दिवस दाखवणार? मे २०२५ च्या इथेरियमच्या पेक्ट्रा अपग्रेडनंतर सुरुवातीचा दंड शिलकीच्या १/३२ वरून १/४०९६ वर आला. ३२ इथरवर ०.००८ इथरसुद्धा होत नाही. एवढ्यासाठी लाल पेन?

आणि फी रेसिपियंटचा पत्ता उघड्या वहीत! तो एक्सप्लोररवर टाकला की तुम्ही बनवलेला ब्लॉक (व्यवहारांचा गठ्ठा) शोधता येतो, तिथून व्हॅलिडेटर, तिथून शिल्लक. घरात वायफायवाला येतो, एसीवाला येतो. घरात किती आहे ते तुम्ही स्वतःच लिहून ठेवलंय.

लालबागचा_नोड
पत्त्याचा मुद्दा घेतला. त्या ओळीवर आज काट मारली.
पण दंड किरकोळ म्हणून स्लॅशिंग किरकोळ होत नाही. व्हॅलिडेटर बाहेर फेकला जातो आणि पैसे ३६ दिवस अडकतात. वीस मिनिटं बंद राहिलात तर तेवढ्या वेळात जे मिळालं असतं साधारण तेवढंच जातं. कशाला घाई करायची सांगा.

सीए_त्रस्त
वह्या ठेवताच आहात तर प्रत्येक विड्रॉवलच्या (बक्षीस वॉलेटमध्ये पडतं त्या) दिवशीचा इथरचा रुपयातला भाव लिहिता का? दर काही दिवसांनी चिल्लर जमा होते आणि मार्चमध्ये माझा सीए प्रत्येक नोंदीचा भाव मागतो. ३० टक्के कर, वर विकताना १ टक्का टीडीएस, आणि हिशोब आपणच लावायचा. यावर कोणी धागा काढत नाही.

कुर्ला_पश्चिम
कागदाच्या भक्तांनी २६ जुलै २००५ पाहिलेला दिसत नाही. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला. आमचं घर तळमजल्यावर. पप्पांची घराची कागदपत्रं, आमच्या मार्कशीट, सगळ्याचा लगदा. कपाटाचं दार फुगून उघडेना, शेवटी फोडलं. म्हणून माझं सीड स्टीलच्या डब्याच्या झाकणावर आतून कोरलंय.

पवईकर_देव
भांड्यांच्या दुकानात? आईच्या डब्यांवर नाव घालून देतात तिथे? दुकानदाराला २४ शब्द वाचून दाखवलेत आणि मला क्लाउडचे धोके शिकवताय?

कुर्ला_पश्चिम
आधी विचारायचं, मग बोलायचं. कोरायचं हातमशीन नागदेवीहून आणलं आणि दार लावून स्वतः कोरलं. सीडचे शब्द ज्या ठरलेल्या यादीतून येतात तिच्यात २०४८ शब्द आहेत, पहिली चार अक्षरं कुठल्याच दोन शब्दांची सारखी नाहीत, म्हणून चारच कोरली. अक्षरं वाकडी आली, पण वाचता येतात.

दादर_हिंदू_कॉलनी
एवढे उद्योग कशाला? बँकेत लॉकर घ्या.

कुर्ला_पश्चिम
काका, लॉकरचे नियम वाचा. आग, चोरी, इमारत कोसळणं, कर्मचाऱ्याची लबाडी यात भरपाई वर्षाच्या भाड्याच्या १०० पटीपर्यंतच. पुराला तीही नाही.

दादर_हिंदू_कॉलनी
भरपाई मागतोय कोण? लॉकरला नॉमिनी लावता येतो, तुझ्या डब्याला कोण नॉमिनी? तू गेलास तर सून तो डबा बोहारणीला देऊन मोकळी होईल.

माहीमकरीण
काकांचं बोलणं झोंबेल, पण ऐका. माझे धाकटे दीर गेल्या वर्षी अचानक गेले. पोटमाळ्यावर त्यांचं मशीन अजून चालू आहे, हिरवा दिवा लुकलुकतो. शिल्लक आम्हाला एक्सप्लोररवर रोज दिसते. बक्षिसाचे पैसे ठरल्यासारखे एका वॉलेटमध्ये पडतात आणि ते वॉलेट उघडायचं कसं हे घरात कुणालाच ठाऊक नाही. जाऊबाई वीजबिल भरते, कारण मशीन बंद केलं तर शिल्लक हळूहळू कमी होत जाईल असं कोणीतरी सांगितलं. स्टील, कागद, क्लाउड यावर भांडताय, घरच्यांना सांगितलंय का कुणी?

पवईकर_देव
वाईट वाटलं, ताई. पण घरात सांगा म्हणणं सोपं आहे. माझ्या बायकोला इपॉक आणि कीस्टोअर समजावू? घाबरून जाईल बिचारी.

माहीमकरीण
बिचारी? एफडी, एलआयसी, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट कुठे आहे हे आमच्याकडे बायकाच सांगतात. समजत नाही म्हणून लपवायचं आणि मागे राहिलेल्यांनी दिवा बघत बसायचं. संताप येतो वाचून.

लालबागचा_नोड
ताईंचं शंभर टक्के खरं. पवईकर, तिला इपॉक समजायची गरजच नाही. पेक्ट्रापासून विड्रॉवल अ‍ॅड्रेसच्या (पैसे पडतात त्या) वॉलेटमधूनच एक्झिट काढता येतो, म्हणजे व्हॅलिडेटर बंद करून ठेव परत मागता येते, साइनिंग कीसुद्धा लागत नाही. एका बंद पाकिटात त्या वॉलेटचा ठावठिकाणा आणि विश्वासाच्या एका माणसाचा फोन. दुसऱ्या कागदावर "मशीन बंद केलंत तरी चालेल, घाई करू नका." जाऊबाईंना हे पाकीट मिळालं असतं तर काम झालं असतं.

पवईकर_देव
ठीक, पाकीट करतो. विड्रॉवल वॉलेटचं सीड मॅनेजरमधून काढून टाकतो. कार्यपद्धती मात्र फोनवरच राहणार, त्यावर वाद नको.

लालबागचा_नोड
कार्यपद्धती खुशाल फोनवर ठेवा. पण सीड नुसतं पुसून भागणार नाही. एकदा लावलेला विड्रॉवल अ‍ॅड्रेस बदलता येत नाही आणि एक्झिटचे पैसेही तिथेच येतात. ते सीड फुटलंय असं धरून चालायचं असेल तर एक्झिट लावा, विड्रॉवलची तारीख एक्सप्लोररवर बघत राहा आणि पैसे पडल्या क्षणी नव्या वॉलेटवर हलवा. नवं वॉलेट आधी तयार ठेवा, त्याचे शब्द कीबोर्डवर टाइप न करता.

सीए_त्रस्त
आणि त्या दिवशीचा भाव लिहून ठेवा.