दीड किलोचं बाळ : पेटीत की आईच्या उराशी?

बाळीवेसकर :
भाचीचं बाळ सातव्या महिन्यात झालं, वजन एक किलो चारशे. दवाखान्याचं नाव घेत नाही. बाळ लगेच काचेच्या उबदार पेटीत, तळमजल्यावर. भाची दुसऱ्या मजल्यावर. पाचव्या दिवशी तिनं लेकराला पहिल्यांदा हात लावला. बाळ आता ठणठणीत आहे, पण ते पाच दिवस माझ्या डोक्यातून जात नाहीत.
कारण २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकारानं झालेल्या एका चाचणीचे निकाल आलेत. घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया आणि आपल्या दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय. १ ते १.८ किलोच्या आतली ३२११ बाळं. अर्धी जन्मल्यापासूनच आईच्या उघड्या छातीवर, दिवसाला जवळजवळ १७ तास. बाकीची आधी वॉर्मरवर, म्हणजे ऊब देणाऱ्या यंत्राच्या खाटेवर, प्रकृती स्थिरावल्यावर आईकडं. २८ दिवसांत पहिल्या गटातली १२ टक्के दगावली, दुसऱ्यातली १५.७. चाचणी मुदतीआधीच थांबवली, कारण आईपासून लांब ठेवणंच चुकीचं ठरायला लागलं. २०२२ मध्ये संघटनेनं तशी शिफारसही केली. मग आपल्याकडं आई दाराबाहेर का?

रात्रपाळी :
मी नवजात अतिदक्षता विभागात सिस्टर आहे. आकडे बरोबर आहेत, पण सोयीचे तेवढेच घेतलेत. पहिल्या तासात स्वतःहून श्वास न घेणारी बाळं त्या चाचणीत घेतलीच नव्हती. पहिल्या ७२ तासांतले मृत्यू ४.६ आणि ५.८ टक्के होते, आणि तेवढा फरक संख्याशास्त्रात पक्का धरत नाहीत. शिवाय तिथं बाळाच्या शेजारी आईची खाट होती आणि आईला तपासायला माणसंही होती. आमच्याकडं रात्री दोघीजणी असतो. बाळाची नळी बघू की शेजारच्या बाळंतिणीचा रक्तस्राव?

बाळीवेसकर :
म्हणजे दोष जागेचा आणि माणसांचा. आईचा नाही ना?

रात्रपाळी :
दोष कुणाचा ते ठरवून रात्र निघत नाही, दादा.

विडीघरकुल :
ताई म्हणतात ते मला पटतं, पण माझा राग वेगळाच आहे. बाळ उघड्या छातीशी धरायची ही 'कांगारू' पद्धत १९७८ च्या सुमाराला कोलंबियातल्या बोगोटात निघाली ती पेट्या पुरत नव्हत्या म्हणून. आता ती गरिबांच्या गळ्यात मारणार. पैसेवाल्याच्या बाळाला यंत्र, विडी वळणारीच्या बाळाला छाती. उद्या यंत्रं मागायला गेलो की म्हणतील, कांगारू करा की!

बाळीवेसकर :
का बे, नीट वाच की. दोन्ही गटांना ऑक्सिजन, श्वासाला आधार देणारं यंत्र, औषधं सगळं मिळत होतं. यंत्र काढून आई दिली नव्हती, यंत्रासकट आई दिली होती. आणि बाहेरची माणसं आली की जंतू येतात म्हणतात ना? आईजवळच्या बाळांमध्ये जंतुसंसर्ग उलट कमी निघाला.

पूर्वभागातली आजी :
नातवाच्या फोनवरून लिहिते. ओल्या बाळंतिणीनं सतरा तास लेकरू उरावर धरून बसायचं? टाके पडलेले असले तर? तिला झोप नको, शेक नको? आणि घरी आल्यावर मे महिन्यात आमच्या पत्र्याखाली हवाच नसते. दोन जीव एकमेकाला चिकटून उकडून निघतील. हे कागदावर लिहिणाऱ्यानं एक दुपार इथं काढावी.

रात्रपाळी :
आजी, बसायचं नसतं, पाठ टेकून तिरकं पडायचं असतं. बाळ कापडानं बांधलेलं असतं, त्यामुळं झोप लागली तरी चालतं. आणि आईच पाहिजे असंही नाही. त्या चाचणीत आई सावरेपर्यंत घरातलं दुसरं माणूस बाळ घेत होतं. उकाड्याचं मात्र तुमचं खरं आहे. घरी अंग गरम लागलं, तर बाळ थोडं मोकळं करायचं आणि ताप मोजायचा.

पूर्वभागातली आजी :
मग बापाला घ्यायला सांगा. उन्हाळ्यात आमचे बाप उघडेच पडलेले असतात, नुसतं बाळ ठेवायचं राहिलंय.

विडीघरकुल :
आजींचं ऐकून हसलो. पण माझा मुद्दा तसाच आहे. आधी पेट्या भरपूर द्या, मग छातीचं सांगा.

बाळीवेसकर :
मी उलटं म्हणतो. पुढची यंत्रखरेदी होईल तेव्हा त्याच यादीत आईच्या खाटा घाला. ताई, तुमच्या वॉर्डात चार खाटा तरी बसतील का?

रात्रपाळी :
आत्ता उठून पावलांनी मोजून आले. दोन वॉर्मर हलवले तर एक खाट बसते. दोन्हींवर बाळं आहेत.