निर्णय सहाय्य प्रणालीचे तीन घटक खरोखरच समान वजनाचे आहेत का?

गणिती (धागाकर्ता)

संगणकाधारित निर्णय सहाय्य प्रणालीवरचे पाठ्यपुस्तक उघडले की एक आकृती हमखास भेटते : डेटा, मॉडेल (म्हणजे परिस्थितीचे गणिती रूप) आणि संवाद (म्हणजे वापरकर्त्यासमोरचा पडदा) असे तीन चौकोन, आणि त्यांना वापरकर्त्याशी जोडणाऱ्या रेघा. राल्फ स्प्रेग आणि एरिक कार्लसन यांच्या १९८२ च्या पुस्तकामुळे ही मांडणी सर्वत्र रुजली. चौकोन सारख्याच आकाराचे काढलेले असल्यामुळे तिन्ही घटकांचे मोल सारखेच असल्याचा समज होतो, आणि माझा आक्षेप नेमका त्यालाच आहे. या प्रणालीला इतर सॉफ्टवेअरपासून वेगळे करणारा घटक एकच, तो म्हणजे मॉडेल. डेटा आणि पडदा तर पगारपत्रक काढणाऱ्या सॉफ्टवेअरलाही लागतात.

गॉरी आणि स्कॉट मॉर्टन यांनी १९७१ मध्ये संरचित, अर्धसंरचित आणि असंरचित निर्णय अशी विभागणी केली आणि संरचित निर्णयांपलीकडच्या क्षेत्रासाठी 'डिसिजन सपोर्ट सिस्टीम' हे नाव वापरले. ज्याचे नियम पूर्ण ठाऊक आहेत तो निर्णय यंत्रावर सोपवता येतो; जिथे नियम अर्धेच ठाऊक असतात तिथे माणसाला 'असे केले तर काय होईल' याचा हिशेब हवा असतो. हा हिशेब नोंदींत सापडत नाही, कारण जे अजून घडलेलेच नाही त्याची नोंद असणार कुठून?

एक साधे उदाहरण घेऊ. पाच गोदामांतून चाळीस ठिकाणी माल पाठवायचा आहे. मागच्या महिन्यात कुठून किती माल गेला आणि खर्च किती आला, हे डेटा सांगेल. रेषीय नियोजनाचे (दिलेल्या मर्यादांत सर्वांत कमी खर्चाचा पर्याय शोधणाऱ्या गणिती पद्धतीचे) मॉडेल मात्र सर्वांत स्वस्त वाटपाबरोबरच प्रत्येक गोदामाची छाया किंमतही देते, म्हणजे त्या गोदामाची क्षमता एका एककाने वाढवली तर एकूण खर्च कितीने घटेल, हे सांगते. एखाद्या गोदामासमोर शून्य आले, तर ते कितीही गजबजलेले दिसत असले तरी त्याच्या विस्तारावर पैसा घालण्यात अर्थ नाही. हा आकडा कोणत्याही तक्त्यात आधीपासून लिहिलेला नसतो. म्हणून जिथे मॉडेल नाही तिथे उत्तम अहवाल असेल, निर्णय सहाय्य नाही. स्टीव्हन ऑल्टर यांनी १९८० मध्ये केलेल्या सात प्रकारांच्या वर्गीकरणात नुसती माहिती काढून देणाऱ्या प्रणालींनाही जागा दिली, ती मला अनाठायी औदार्याची वाटते.

चौकस

धागाकर्त्यांशी मी असहमत आहे. 'वेगळे ओळखू येणारा घटक' आणि 'महत्त्वाचा घटक' या दोन गोष्टींची त्यांनी सरमिसळ केली आहे. प्रणाली कोलमडते तेव्हा ती बहुतेक वेळा डेटाच्या बाजूने कोलमडते, असे मी मानते.

इंग्लंडमध्ये २०२० साली घडलेला प्रकार आठवून पाहा. प्रयोगशाळांकडून येणारे कोविड चाचण्यांचे निकाल एक्सेलच्या जुन्या स्वरूपातील फाइलींमध्ये भरले जात होते आणि त्या स्वरूपात एका पानावर ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. मर्यादा संपल्यावर उरलेल्या नोंदी निमूटपणे गळाल्या आणि २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील १५,८४१ बाधितांची नोंद दैनंदिन आकडेवारीत वेळेवर आलीच नाही. त्यांच्या संपर्कातील लोकांचा शोधही तितकाच लांबला. त्या आकड्यांवर जगातील सर्वोत्तम साथ-मॉडेल चालवले असते, तरी त्याने साथ मंदावल्याचेच सांगितले असते, आणि तेही मोठ्या आत्मविश्वासाने.

डेटा घटक म्हणजे नुसती तक्त्यांची कोठी नव्हे. नोंद कुठून आली, कधी आली, कोणत्या व्याख्येने मोजली गेली आणि वाटेत काय गळाले, हे सांगणारी यंत्रणा त्यातच मोडते. 'विक्री' म्हणजे मागणी नोंदवलेली, माल रवाना झालेला की पैसे जमा झालेले, याचा उलगडा मॉडेल करत नाही. आपल्या गोदामांच्या उदाहरणातील क्षमता कोणी आणि कधी मोजली होती, हेही कृपया सांगावे.

गणिती (धागाकर्ता)

नोंदी गळाल्या तर पगारही चुकतात, वीजबिलेही चुकतात. ती सर्वच सॉफ्टवेअरची व्यथा आहे. पाया नसेल तर घर उभे राहत नाही हे मान्य, पण म्हणून घराचा उपयोग पायावरून ठरत नाही. क्षमता कोणी मोजली, या प्रश्नाचे उत्तरही मॉडेलच देते : ती दहा टक्के कमी-जास्त धरून पुन्हा सोडवा. वाटप तेच राहिले तर मोजमापातील चूक निरुपद्रवी आहे, बदलले तर तेवढेच एक गोदाम पुन्हा मोजून घ्या. कोणता डेटा काळजीपूर्वक गोळा करायचा हे संवेदनशीलता विश्लेषणाने कळते, डेटाच्या ढिगाकडे पाहून नव्हे.

पडद्यामागे

दोन्ही पक्षांनी तिसरा, संवादाचा चौकोन शोभेचा धरून चर्चा चालवली आहे, म्हणून लिहितो.

२८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात दाब कमी करणारी एक झडप उघडीच अडकली. नियंत्रण कक्षातील दिवा मात्र झडप बंद झाल्यासारखा दिसत होता, कारण तो झडपेची स्थिती दाखवत नव्हता. बंद होण्याचा आदेश गेला आहे, एवढेच दाखवत होता. चालकांनी झडप बंदच आहे असे धरले आणि दोन तासांहून अधिक काळ थंडाव्याचे पाणी निसटत राहिले. संकेत खरा होता, फक्त तो ज्या प्रश्नाचे उत्तर देत होता तो प्रश्न चालकांच्या मनात नव्हता. ती निर्णय सहाय्य प्रणाली नव्हती असा आक्षेप येईल, तो आधीच नोंदवून ठेवतो. पण पडद्यावर काय दाखवायचे हे ठरवणे म्हणजे अर्धा निर्णय घेणेच होय, एवढे यावरून दिसावे.

आता खुद्द मॉडेलवाल्यांचीच साक्ष काढतो. व्यवस्थापनासाठी मॉडेले बनवणारे संशोधक जॉन लिटल यांनी १९७० मध्ये लिहिलेल्या लेखाची मुख्य तक्रारच अशी होती की व्यवस्थापक मॉडेले जवळपास वापरतच नाहीत. त्यांनी सांगितलेल्या सहा कसोट्यांपैकी साधेपणा, नियंत्रणाची सुलभता आणि संवादाची सुलभता या तीन सरळसरळ वापरकर्त्याशी असलेल्या नात्याच्या आहेत. वैद्यकीय क्षेत्रात तर याचा रोजचा अनुभव येतो. औषधांच्या सुरक्षिततेबाबतचे संगणकीय इशारे डॉक्टरांनी बाजूला सारण्याचे प्रमाण २००६ च्या एका आढाव्यात ४९ ते ९६ टक्के आढळले. त्यांतील अनेक इशारे औषधशास्त्राच्या दृष्टीने बिनचूक असतीलही, पण ते चुकीच्या क्षणी, एकाच आवाजात आणि फार मोठ्या संख्येने आले. वापरलेच न गेलेले मॉडेल कोणत्या निर्णयाला सहाय्य करते?

गणिती (धागाकर्ता)

सोयीस्कर पडद्याचे कौतुक करण्यापूर्वी २०१२ मधील जे. पी. मॉर्गन या अमेरिकी बँकेचे प्रकरण पाहावे. जोखीम मोजण्याचे त्यांचे नवे मॉडेल स्प्रेडशीटच्या मालिकेवर चालत होते आणि आकडे एका शीटमधून दुसऱ्या शीटमध्ये हाताने चिकटवले जात होते. एका सूत्रात दोन दरांच्या फरकाला त्यांच्या सरासरीने भागायचे होते, तिथे भागले गेले बेरजेने. बेरीज सरासरीच्या दुप्पट असते, त्यामुळे चढउतार निम्मे भासले आणि जोखीम प्रत्यक्षापेक्षा कमी दिसली. ते मॉडेल ज्या व्यवहारांची जोखीम मोजत होते, त्यांतील एकूण तोटा ६ अब्ज डॉलरांच्या वर गेला. एवढ्या एका सूत्रामुळे तो झाला असे मी म्हणणार नाही, पण धोक्याची घंटा दबली ती अशी.

स्प्रेडशीटइतका आपलासा इंटरफेस दुसरा नसेल. १९७९ मध्ये व्हिसिकॅल्क हे सुरुवातीचे स्प्रेडशीट सॉफ्टवेअर आल्यापासून लोक आपापल्या निर्णयांची मॉडेले स्वतः बनवू लागले, ही क्रांतीच होती. पण त्या पडद्यात मॉडेल इतके विरघळते की ते वेगळे काढून तपासताच येत नाही. स्प्रेग यांच्या मांडणीत मॉडेलसाठी स्वतंत्र व्यवस्थापन यंत्रणा सांगितली आहे, ती यासाठीच : मॉडेल कोणाचे, त्याची कितवी आवृत्ती चालू आहे आणि ते शेवटचे कधी तपासले, हे कोणीतरी नोंदवायला हवे. व्यवहारात मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी डेटाबेसला जबाबदार माणूस असतो, पडद्याला संकल्पक असतो, आणि मॉडेल मात्र कोणाच्या तरी फोल्डरमध्ये 'अंतिम_२' या नावाने पडलेले असते.

तळटीप

'अंतिम_२' वाचून हसू आले, कारण ते फोल्डर माझेही असू शकते. मूळ वादाबाबत मात्र माझे मत असे की येथे तिघेही १९८२ च्या आकृतीच्या चौकटीतच भांडत आहेत. त्याच्या वर्षभर आधी, १९८१ मध्ये, बॉन्झेक, होल्सॅपल आणि व्हिन्स्टन यांनी वेगळी वाटणी मांडली होती : भाषा प्रणाली, ज्ञान प्रणाली आणि या दोहोंना जोडून प्रश्न सोडवणारी प्रक्रिया प्रणाली. तिच्यात डेटा आणि मॉडेल हे दोन प्रतिस्पर्धी नाहीत. दोन्ही साठवलेले ज्ञानच, फक्त रूपे निराळी.

ही वाटणी का उपयोगी आहे, हे स्टॅनफर्डमध्ये १९७० च्या दशकात तयार झालेल्या मायसिनवरून कळते. जंतुसंसर्गाचे निदान आणि प्रतिजैविकांची निवड यांसाठीच्या त्या प्रणालीत सुमारे ६०० नियम होते. यंत्राने डॉक्टरांना एखादी माहिती विचारली की डॉक्टर उलट 'का?' असे विचारू शकत, आणि यंत्र ज्या नियमाची चाचपणी करत असे तो नियमच समोर ठेवी. आता हे स्पष्टीकरण मॉडेलचे म्हणायचे, की डेटाचे, की पडद्याचे? नियम तक्त्यासारखे साठवलेले होते, ते मॉडेलसारखे चालत होते आणि संवादासारखे दिसत होते. आजच्या मशीन लर्निंगमध्ये तर मॉडेलचे गुणांकच डेटातून निघतात; डेटा बदलला की मॉडेल बदलते. धागाकर्त्यांच्या छाया किमतीसारखी स्वच्छ सीमा तिथे आखता येत नाही.

चौकस

मायसिन रुग्णालयांच्या नित्य वापरात कधीच आले नाही, हेही लिहायला हवे होते. 'का?' विचारण्याची सोय असूनही नाही.

मला आणखी एक गोष्ट खटकते. डॉक्टरांनी इशारा बाजूला सारला, किंवा व्यवस्थापकाने मॉडेलने सुचवलेले वाटप नाकारून स्वतःचे केले, तर त्या नकाराची आणि त्यामागच्या कारणाची नोंद कोणत्या घटकात राहते? आकृतीत वापरकर्ता चौकोनांच्या बाहेर उभा आहे, त्यामुळे त्याचा निर्णय प्रणालीत परत येण्याची वाटच काढलेली नाही.

गणिती (धागाकर्ता)

नोंद डेटामध्ये राहावी, पण ती वाचणारा मॉडेल घटक असावा. एकाच गोदामाबाबतचे वाटप वारंवार नाकारले जात असेल, तर मॉडेलमध्ये एखादी मर्यादा लिहायची राहून गेली आहे, असा त्याचा सरळ अर्थ होतो.

पडद्यामागे

आणि कारण लिहिण्याची चौकट पडद्यावर असेल तरच ना? बहुतेक ठिकाणी तिथे 'इतर' हा एकच पर्याय निवडला जातो, कारण यादीत तोच पहिला ठेवलेला असतो.