अपार्थाइड: वर्णभेद, वर्णद्वेष की वंशभेद?

साउथ आफ्रिकेतल्या अपार्थाइडला मराठीत नेमकं काय म्हणायचं? तिन्ही शब्द वाचलेत. मला वर्णभेद म्हटलं की आधी चातुर्वर्ण्यच आठवतं. आणि उच्चार काय करायचा?

>> शब्द आफ्रिकान्स भाषेतला, अर्थ अलगपणा, तिकडे साधारण अपार्टहेइट म्हणतात, पण आपल्याकडे अपार्थाइड रुळलाय तर तोच राहू दे. वर्णद्वेष मी तरी वापरणार नाही, द्वेष मनात असतो आणि इथे तर सगळं कलमांत बसवलेलं होतं. अन्याय आधीही होताच, १९१३ च्या कायद्याने काळ्यांना जमीन घ्यायला देशाचा जेमतेम ७ टक्के भाग ठेवला होता, पण १९४८ ला मलान यांची नॅशनल पार्टी निवडून आली आणि मग कायद्यांची रांगच लागली, १९४९ ला गोऱ्यांनी इतरांशी लग्न करणं बेकायदा, १९५० ला प्रत्येक माणसाची वंशानुसार सरकारी नोंद, त्याच वर्षी ग्रुप एरियाज म्हणजे कोणी कुठल्या वस्तीत राहायचं तेही सरकार ठरवणार. १९५३ च्या कायद्याने तर बाकडी, बीच, बस वेगळे करताना सोयी सारख्या दर्जाच्या असायची गरज नाही हेही लिहून टाकलं! म्हणून भेदापेक्षा 'वांशिक विलगीकरण' मला जास्त नेमकं वाटतं.

>> पण रंगावरूनच ठरवायचे ना? मग वर्ण चुकीचा कसा?

>> नुसत्या रंगावरून नाही हो. दिसणं, समाजात कोण म्हणून ओळखतात, सगळं बघायचे, केसात पेन्सिल अडकते का तेसुद्धा. एकाच घरातली माणसं वेगवेगळ्या गटात टाकली गेली, म्हणजे राहायची वस्ती वेगळी, शाळा वेगळी. फार क्रूर प्रकार होता हा.

>> कलर्डला रंगीत म्हणायचं का मग?

>> नको, कलर्डच ठेवा. तिकडे तो मिश्र वंशाच्या लोकांचा वेगळा गट होता, अमेरिकेत काळ्यांना कलर्ड म्हणायचे तसा अर्थ नाही. आणि 'पास' शब्द आला तर जपून, कारण १९५२ च्या कायद्याच्या नावातच पास रद्द केल्याचं म्हटलंय आणि प्रत्यक्षात १६ वर्षांवरच्या काळ्या माणसांना फोटो, नोकरीच्या नोंदी असलेलं पुस्तक जवळ बाळगायची सक्ती झाली, नसेल तर अटक. लोक त्याला डोमपास म्हणायचे, म्हणजे मूर्ख पास. त्याच वर्षी आफ्रिकन नॅशनल काँग्रेस आणि युसुफ दादूंची साउथ आफ्रिकन इंडियन काँग्रेस (तिथल्या भारतीयांची संघटना, आपली काँग्रेस नव्हे) यांनी मिळून डिफायन्स कॅम्पेन केली, ८००० च्या वर लोक स्वतःहून जेलमध्ये गेले. तिला मराठीत बेधडक सविनय कायदेभंग लिहा.